चूक अर्धसुत्यांचीच

माझ्या धाकट्या दिरांना सगळा बाजार 'अर्धसुते' म्हणतो. हे काही आमचं आडनाव नाही. आमचं काचेचं दुकान आहे आणि या धंद्यात सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. बाकीचे काचवाले एक सूत इकडे तिकडे खुशाल चालवून घेतात, फटीत पुट्टी भरतात आणि गिऱ्हाइकाकडे बघून गोड हसतात. भाऊजींना अर्धं सूतसुद्धा चालायचं नाही. कुणीतरी वैतागून हे नाव पाडलं आणि ते असं चिकटलं की एकदा पोस्टमनच "अर्धसुते कोण?" म्हणून पत्र घेऊन दारात उभा राहिला. भाऊजींनी मुकाट्याने सही करून ते घेतलं.

मी या घरात आले तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. पहिल्याच सकाळी मी माझा आरसा भिंतीला लावत होते, तर हे महाराज येऊन मागे उभे. "वहिनी, राग मानू नका, पण आरसा डावीकडे झुकलाय." मी म्हटलं, "आरसा सरळ आहे, तुमची मान वाकडी आहे." त्यांनी टेप आणून मोजलं. आरसा झुकलेलाच होता. तेव्हा जे आमचं भांडण जुंपलं ते पुढे बारा-तेरा वर्षं सुखाने चाललं. पंख्याच्या वेगावरून भांडलो, मीठ कमी की जास्त यावरून भांडलो, पावसाळी चपला कुठे ठेवायच्या यावरून तर दोन दिवस अबोला होता. मला भांडल्याशिवाय अन्न पचत नाही, हे मी लपवत नाही. आणि भांडायला त्यांच्यासारखा तयारीचा माणूस या घरात दुसरा नव्हता. आमचे हे, म्हणजे माझे यजमान, दोन वाक्यांत माघार घेतात. त्यात काय मजा!

दुकानातली कामं वाटलेली होती. भाऊजी माप घ्यायचे आणि काच कापायचे. हे ती बसवायचे. मी काउंटर आणि फोन सांभाळायचे. माप घेण्याची भाऊजींची रीत ठरलेली. रुंदी तीन ठिकाणी मोजायची, वर, मध्ये आणि खाली. उंचीही तीन ठिकाणी, डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे. सगळ्यांत कमी भरेल ते खरं धरायचं आणि त्यातून एक सूत वजा करायचं. "वहिनी, चौकट सरळ आहे असं जो म्हणतो त्याने चौकट मोजलेली नसते," असं ते म्हणायचे. मग काच टेबलावर आडवी घालायची, पट्टी धरायची आणि हिरकणीने, म्हणजे काच कापायच्या हत्याराने, एका दमात रेघ ओढायची. मध्ये थांबायचं नाही, परत तीच रेघ गिरवायची नाही. रेघ ओढताना त्यांच्याशी कुणी बोललं तर ते नंतर असे ओरडायचे की रस्त्यापलीकडचा चष्मेवाला बाहेर येऊन बघायचा.

मग सासूबाई आजारी पडल्या. तीन वर्षं अंथरुणाला खिळून होत्या आणि ती तीन वर्षं भाऊजी त्यांच्याच खोलीत झोपले. कूस बदलायची, पाणी पाजायचं, सगळं तेच. मी करते म्हटलं तर "तुम्हाला जमणार नाही, तुमचे हात गार असतात" म्हणून हाकलून द्यायचे. लग्नाचं विचारलं की म्हणायचे, आई बरी होऊ दे. सासूबाई गेल्या त्या दिवशी ते रडले नाहीत. सगळ्यांना पाणी विचारत फिरत होते. दोन महिन्यांनी एका सकाळी ते वरच्या खोलीतून खालीच आले नाहीत.

मला आधी आळस वाटला. खोटं कशाला बोलू? मी दाराशी जाऊन म्हणालेसुद्धा, "पुरे झालं आता, उठा."  भिंतीकडे तोंड करून पडले होते. ताट जसंच्या तसं खाली यायचं. दाढी वाढली, आंघोळ सुटली. एक दिवस म्हणाले, "वहिनी, मला मोजता येत नाही. दहापर्यंत गेलो की मागचं विसरतो."  आम्ही त्यांना डॉक्टरबाईंकडे नेलं. नैराश्य आहे म्हणाल्या, आजार आहे, औषधाने आणि वेळाने उतरेल. उतरलंही. पाच-सहा महिन्यांत ते जेवायला खाली बसायला लागले, मग दुकानात येऊन टेप हातात घ्यायला लागले. मला केवढा हुरूप आला होता!

आणि पहिल्याच कामाला माशी शिंकली. दातांच्या दवाखान्याची खिडकी होती. माप एक इंच जास्त आलं, काच वाया गेली, आणि तो दातवाला चार पेशंटांसमोर भाऊजींना नाही नाही ते बोलला. भाऊजी घरी आले, वर गेले आणि चार दिवस पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडले.

तेव्हा ह्यांनी मनाशी काय ठरवलं ते मला महिन्याभराने कळलं. भाऊजी एखाद्या ठिकाणी माप घेऊन आले की हे संध्याकाळी "जरा पुट्टीचा रंग बघून येतो" म्हणून बाहेर पडायचे. पुट्टीला कसला आलाय रंग! मी एक दिवस मागोमाग गेले. बघते तर हे गिऱ्हाइकाच्या खिडकीत वाकून, भाऊजींची सगळी मापं पहिल्यापासून पुन्हा घेत होते. माप चुकलेलं निघालं तर भाऊजी जेवायला वर गेल्यावर घाईघाईने दुसरी काच कापायची आणि चुकलेली मागच्या शिटांच्या आड सरकवायची. मी कंबरेवर हात ठेवून विचारलं, "हे काय चाललंय?" तर म्हणाले, "अगं, पुन्हा एकदा चुकला ना तो, तर परत उठायचा नाही. त्याचं काही चुकताच कामा नये."

मला तेव्हा भांडायला हवं होतं. हे माझं मला ठाऊक आहे, कुणी सांगायला नको. पण मीही घाबरले होते. मी नुसती गप्प बसले नाही, सामील झाले. गिऱ्हाइकांना फोनवर दबक्या आवाजात सांगायला लागले, "मोठे येऊन एकदा बघून जातील हं, धाकट्यांना काही बोलू नका." घरात तर आम्ही सगळेच चवड्यांवर चालायला लागलो. भाजी करपली तरी भाऊजींचं ताट आधी निवडून वाढायचं. त्यांच्याशी हळू बोलायचं. आमची अकरा वर्षांची लेक दिवसभर बडबडते म्हणून तिला सगळे टकळी म्हणतात. तिला ताकीद दिली, काकांशी कॅरम खेळताना जिंकायचं नाही. आठवड्याने ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "आई, हरायला फार कष्ट पडतात गं." मी तिलाच दटावलं.

तुम्ही म्हणाल, माया ती माया. आम्हालाही तसंच वाटत होतं. पण त्या मायेचं काय झालं ते सांगते. भाऊजींचं एकही काम चुकत नव्हतं, तरी त्यांच्या तोंडावर तजेला येत नव्हता. हिरकणी हातात घेतली की ती टेकवण्याआधी तीन-तीनदा पुसायचे. एकदा माझ्याकडे टक लावून बघत म्हणाले, "हल्ली माझं काहीच चुकत नाही, वहिनी. गंमत आहे, नाही?" मी म्हटलं, "चांगलंच आहे की!" आणि घाईघाईने फोन उचलला, जो वाजलाही नव्हता. ह्यांची झोप उडाली, रक्तदाब वाढला, पायऱ्या चढताना धाप लागायला लागली. आणि मी? भाऊजींवर काढता न येणारा राग ह्यांच्यावर आणि टकळीवर काढत होते, आणि रोज दुपारी डोकं बांधून पडत होते.

असे चौदा महिने गेले.

एका सकाळी तो रस्त्यापलीकडचा चष्मेवाला दुकानात आला. भाऊजी समोरच टेबलाशी उभे. हे शिडी उतरवत होते. चष्मेवाला मनाने वाईट नाही, पण जीभ आवरत नाही त्याला. म्हणाला, "काय हो, माझ्या शोकेसच्या एका काचेला दोनदा मोजायला येता आणि तिसऱ्यांदा बसवायला? धाकटे सकाळी मोजून गेले, मोठे संध्याकाळी! तुमच्यात एकालाही मोजता येत नाही का?"

माझ्या तोंडचं पाणी पळालं.  भाऊजी चष्मेवाला जाईपर्यंत थांबले. मग सरळ मागच्या बाजूला गेले, शिटा एकेक करून पुढे ओढल्या आणि आडच्या काचा बाहेर काढून टेबलावर मांडल्या. पाच होत्या. प्रत्येकीच्या कोपऱ्यात त्यांच्याच अक्षरात, तेलकट पेन्सिलीने लिहिलेलं माप. ह्यांनी त्या फेकूनसुद्धा दिल्या नव्हत्या, वेडे कुठले!

"एवढ्याच?" भाऊजींनी विचारलं.

"एवढ्याच रे," हे म्हणाले. "पहिल्या दोन महिन्यांतल्या आहेत. त्यानंतर एकही नाही. आईशपथ, एकही नाही."

"मग पुढचं एक वर्ष का मोजत होतास?"

ह्यांनी शिडीचा पाय धरला होता तो सोडला नाही.  मग म्हणाले, "भीती वाटायची."

भाऊजी त्या पाच काचांकडे बघत राहिले. "म्हणजे मी बरा झालो होतो," ते म्हणाले, "आणि ते मलाच कुणी सांगितलं नाही."

त्यांनी खिशातला टेप काढून माझ्यासमोर काउंटरवर ठेवला आणि वर निघून गेले.

त्यानंतरचे अकरा दिवस शत्रूवरही येऊ नयेत. भाऊजी खाली आले नाहीत. औषधाच्या गोळ्या घेत होते, तेवढं मी डोळ्यांत तेल घालून बघत होते. ताट अर्धं परत यायचं. ह्यांचं तर काय सांगू! रोज दाराशी जाऊन "माफ कर रे बाबा" म्हणायचे आणि वर आणखी जपायला बघायचे. "त्याला आता काही दिवस कामच नको," म्हणाले. "आपण दुसरा माणूस ठेवू." मी डॉक्टरबाईंकडे गेले आणि सगळं घडाघडा सांगून टाकलं. त्यांनी गोळ्या तशाच चालू ठेवायला सांगितल्या, पुढच्या आठवड्यात भाऊजींना घेऊन या म्हणाल्या. मी उठले, तर त्यांनी विचारलं, "तुम्ही त्यांच्याशी शेवटचं कधी भांडलात?"

मी आठवायला लागले आणि मला रडूच फुटलं. चौदा महिन्यांहून जास्त झाले होते. घरातल्या ज्या माणसाशी मी सगळ्यांत जास्त भांडले, त्याच्याशी मी दीड वर्ष परक्यासारखी गोड बोलत होते.

त्याच दिवशी दुपारी बेकरीवाल्या बाईंचा फोन आला. त्यांच्या दुकानाची दर्शनी काच एका शिडीचा धक्का लागून फुटली होती. सहा फूट बाय पाच फूट, जाड काच, एकसंध. एवढी मोठी काच आमच्याकडे वर्षातून एखाद्दुसरीच येते. हे लगेच टेप घेऊन निघाले. मी दार अडवलं.

"टेप ठेवा. भाऊजी मोजतील. कापतीलही तेच. तुम्ही फक्त दुसऱ्या बाजूने काच उचलायची."

"तुला वेड लागलंय का? चष्मेवाल्याची काच वेगळी. ही चुकली तर!"

"चुकली तर चुकली."

"तो मोडून पडेल."

"आत्ता काय उभे आहेत ते? अकरा दिवस झाले अहो! तुम्ही त्यांना चुकू दिलं नाही, मी त्यांना भांडू दिलं नाही. त्यांच्याकडे उरलं काय?"

हे नेहमीसारखे दोन वाक्यांत हरले नाहीत. त्या दिवशी अर्धा तास भांडले माझ्याशी. मी पण हट्टाला पेटले होते. शेवटी मी टेप हिसकावून घेतला आणि जिना चढले.

दार बंद होतं. मी नेहमीसारखी टकटक केली नाही, थाप मारली. "भाऊजी, दार उघडा. मला तुमच्याशी भांडायचंय."

आत हालचाल झाली, पण कडी निघाली नाही.

"नका उघडू! इथूनच सांगते. आम्ही खोटं वागलो तुमच्याशी. ह्यांचं चुकलं, माझं दुप्पट चुकलं, कारण मला कळत होतं. त्याबद्दल तुम्ही आम्हाला जन्मभर बोल लावा, मी ऐकून घेईन. पण अकरा दिवस तुमची अर्धी ताटं खाली नेतेय, माझे गुडघे भरून आलेत, आणि खाली सहा बाय पाचची काच मोजायला या घरात एक धड माणूस नाही! तुमचा भाऊ मोजतो ते मोजणं म्हणायचं का? टेपाचं टोक धरायला कुणी नसलं की दगड ठेवतो तो त्यावर! लाज वाटते मला!"

दार उघडलं. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. पण कपाळावर ती आठी होती. दीड वर्षात पाहिली नव्हती ती.

"दगड?" भाऊजी म्हणाले.

"दगड!" मी म्हटलं.

"कितव्या मजल्यापर्यंत ओरडताय तुम्ही? खालच्या गिऱ्हाइकांना ऐकू जातं."

"जाऊ दे. घ्या हा टेप."

त्यांनी हात पुढे केला नाही. म्हणाले, "माझे हात कापतात, वहिनी. चुकेल माझं."

"चुकू दे."

"आणि मग दादा पुन्हा..."

"ह्यांनी टेपाला हात लावला तर मी घर सोडून जाईन."

त्यांनी माझ्या हातातला टेप घेतला. मग म्हणाले, "चुकलं तर मला सांगायचं. तोंडावर. माझ्या पाठीमागे कुणी काही दुरुस्त करायचं नाही." मी म्हटलं कबूल. ह्यांनी जिन्याच्या तळाशी उभं राहून सगळं ऐकलं होतं. त्यांच्याकडूनही मी कबूल करून घेतलं, टकळीला साक्षीदार ठेवून.

भाऊजी बेकरीत जाऊन मोजून आले. एकटे गेले, एकटे आले. तेवढ्या वेळात ह्यांनी दुकानात चार वेळा झाडू मारला. दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करून ते टेबलाशी उभे राहिले. एवढी मोठी शीट आडवी घालताना दोघा भावांच्या पाठी ओल्या झाल्या होत्या. मी काउंटरला घट्ट धरून उभी होते, टकळीने स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला होता. हिरकणी टेकली. वरपासून खालपर्यंत ती एकच किरकिर न थांबता गेली. मग त्यांनी काठाखाली पट्टी सरकवली, दोन्ही बाजूंनी दाबलं आणि काच रेघेवर तडकन सुटली, सरळसोट. माझा जीव भांड्यात पडला.

पण खरी परीक्षा पुढे होती. बेकरीसमोर पावाची वाट बघणारी पाच-सात माणसं जमलेली. दोघा भावांनी काच उभी उचलली, पावलाला पाऊल जुळवत चौकटीशी नेली. खालची कड खाचेत बसली. वर ढकलली. डावा कोपरा गेला, उजवा गेला. मधोमध मात्र वरची चौकट खाली झुकलेली होती, तिथे काच अडली. दीड सूत.

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांच्या तोंडावर आलेलं वाक्य मला आधीच ऐकू येत होतं. चौकटच वाकडी आहे, लाकूड फुगलंय, तुझं काही चुकलं नाही रे. मी डोळे वटारले.  ह्यांनी दोन्ही हातांनी एवढं वजन पेललेलं, कपाळावरून घाम गळतोय.

"चुकलं," हे शेवटी म्हणाले. "मधली उंची घेतली नाहीस तू."

भाऊजींचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, संपलं सगळं. आत्ता काच सोडून पळतील. असं का वागले मी, असंही मनात येऊन गेलं.

"डावी घेतली, उजवी घेतली," भाऊजी हळू म्हणाले. "मधली... मधली राहिली."

"राहिली म्हणजे? ज्याने मला शिकवलं तीन ठिकाणी मोजायला, त्याचीच मधली राहिली?" ह्यांचा आवाज चढला. मी लग्न झाल्यापासून तो आवाज एवढा चढलेला ऐकला नव्हता. "गाढवा, एवढी मोठी काच आहे!"

"आधी ती खाली ठेव, मग शिव्या घाल! एका बाजूने झुकवतोयस तू!"

"मी झुकवत नाहीये!"

"दोन सूत झुकवतोयस!"

पाववाली माणसं चार पावलं मागे सरली. दोघांनी फूटपाथवर जुनी पांघरुणं पसरून काच त्यावर आडवी ठेवली. दीड सुताची पट्टी एवढ्या जाड काचेची काढणं म्हणजे महाकठीण, हे दोघांनाही माहीत होतं. हे म्हणाले, "चौकटीला रंधा मारून घेऊ." भाऊजी म्हणाले, "बाईंची चौकट का म्हणून खरवडायची? चूक माझी आहे." त्यांनी रेघ ओढली. रेघ चांगली आली होती. मग पक्कड घेऊन एका टोकापासून चिमूट चिमूट तोडत आले. अर्ध्याच्या पुढे आले होते. तेवढ्यात आवाज झाला आणि तडा निघाला तो तिरका, थेट दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत.

 आत भट्टीजवळ कुणीतरी ट्रे आपटले तेवढंच ऐकू आलं. भाऊजी गुडघ्यांवर बसले होते, हातात पक्कड. मी पुढे जाणार होते, पण माझी मीच थांबले.

ते उठले. पँटवरचा चुरा झटकला. बेकरीवाल्या बाई दारात उभ्या होत्या, त्यांच्यासमोर जाऊन म्हणाले, "बाई, चूक माझी आहे. मधलं माप घेतलं नाही मी. आमच्याकडे अशी अजून एक शीट आहे. उद्या सकाळी पुन्हा मोजतो, दुपारपर्यंत बसवून देतो."

बाई म्हणाल्या, "बसवा हो, पण तोवर फळ्या तरी ठोका. माझे पाव काय धूळ खातील?"

दोघा भावांनी फळ्या ठोकल्या. एकमेकांशी अवाक्षर न बोलता घरी आले. भाऊजी चपला काढून सरळ वर गेले. दाराचा आवाज आला. आम्ही दोघं स्वयंपाकघरात एकमेकांकडे बघत बसलो. कालपर्यंत या आवाजानंतर काय व्हायचं ते आम्हाला पाठ होतं. हे उठले आणि चहाचा कप भरला. मी म्हटलं, "जाऊ नका." पण त्यांना राहवेना. गेलेच. जिन्यावर त्यांची धाप खालपर्यंत ऐकू येत होती.

मग वरून ओरडण्याचा आवाज आला. शब्द कळत नव्हते. एक दार धाडकन आपटलं. हे जिना उतरले ते कपबशी हातात तशीच घेऊन, निम्मा चहा बशीत सांडलेला. मोरीपाशी गेले आणि भिंतीला टेकून उभे राहिले.

मी घाबरून विचारलं, "काय झालं? काय म्हणाले?"

"मापवही उघडून बसलाय," हे म्हणाले. "मी म्हटलं, उद्या मी येतो सोबत, टेपाचं टोक धरायला. तर म्हणाला, दादा, तू बेकरीच्या रस्त्याला जरी दिसलास तर तंगडी मोडीन तुझी. म्हणाला, जा खाली, माझं डोकं उठवू नकोस." ह्यांचे डोळे भरून आले होते. पुसायला हात मोकळा नव्हता. "तो मला रागावला गं. पहिल्यासारखा. खराखुरा रागावला."

मलाही पुढचं दिसेना. मी त्यांच्या हातातला कप काढून घेतला, आणि मग वरून हाक आली, "वहिनी, जेवायला वेळ आहे का अजून? आणि आजच्या भाजीत मीठ बघून घाला!"

"खाली येऊन सांगा!" मी ओरडले. "जिन्यावरून माझ्या मिठाला नावं ठेवू नका!"